तापल्या इंजिनाचा तपास

मोटारसायकलीचा इतिहास लिहिणारी मंडळी कारखान्यांचे, शर्यतींचे आणि नव्या नमुन्यांचे दप्तर चोख ठेवतात. परंतु ज्या हातांनी त्या गाड्या पुढे तीस-तीस वर्षे चालत्या ठेवल्या, त्यांच्या खटपटीची नोंद ठेवण्याची तजवीज कोणी केलेली दिसत नाही. वास्तविक आपल्या मुलखात मोटारसायकलीची खरी परीक्षा झाली ती बोरघाटात, कसाऱ्याच्या चढावर, खंबाटकीत आणि कुंभार्लीच्या वळणांवर. आणि तेथे स्वारांना सर्वांत अधिक छळणारा दोष कोणता असेल, तर तो इंजिन तापण्याचा. रविवारी सकाळी वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या जिन्याखाली जुने पोते अंथरून या दोषाचा जो तपास चाले, त्याची परंपरा अर्धशतकाहून मोठी आहे, आणि तिच्यात जमान्यागणिक आरोपी बदलत गेलेले दिसतात.

इंजिन तापते हे तसे नवल नव्हे. पेट्रोलातील उष्णतेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो, आणि उरलेली उष्णता सायलेन्सरवाटे, तेलावाटे आणि सिलिंडरभोवतीच्या पातळ पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्यावाटे बाहेर घालवावी लागते. हे पंख, ज्यांना मेकॅनिक 'फिन' म्हणतात, आरंभी केवळ अंदाजाने ओतले जात. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडातील फार्नबरो येथे गिब्सन आणि हेरॉन या संशोधकांनी विमानांच्या इंजिनांकरिता हवेने थंड होणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरांचा पद्धतशीर अभ्यास केला, तेव्हा कोठे पंखांच्या जाडीस आणि अंतरास काही शास्त्र आहे हे ध्यानात येऊ लागले. तथापि कोणत्याही शास्त्राने एक अडचण दूर होण्यासारखी नव्हती: वारा गाडीच्या वेगावर अवलंबून, आणि घाटात वेग सर्वांत कमी व श्रम सर्वांत अधिक, अशी ही उलटी व्यवस्था. त्यातून पंखांच्या फटींत पावसाळी रस्त्याचा लाल चिखल वाळून बसलेला असला, म्हणजे उष्णतेला बाहेर पडण्याचा उरलासुरला मार्गही बंद. म्हणून जुने जाणकार पाना हाती घेण्यापूर्वी रॉकेल आणि ब्रश मागवीत, ही वहिवाट मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्कराने टाकून दिलेला जो माल 'डिस्पोजल' या नावाने विक्रीस निघाला, त्यात बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा ब्रिटिश मोटारसायकली होत्या, आणि अनेक घरांत मोटारसायकलीचा प्रवेश झाला तो याच मार्गाने. यांपैकी बीएसएची एम-२० ही साइड-व्हॉल्व्ह जातीची. तिच्यात जळालेला वायू बाहेर नेणारी वाट सिलिंडरच्या अंगातूनच गेलेली, त्यामुळे सिलिंडरची एक बाजू दुसरीपेक्षा अधिक तापे. या गाड्यांना ठिणगी मागेपुढे करण्यासाठी हँडलवर एक कळ असे. चढावर इंजिन खडखडू लागले की स्वार ती कळ मागे घेई आणि माथ्यावर पोचल्यावर पुन्हा पुढे सारावयास विसरे. ठिणगी उशिरा पडली की ज्वाला उशिरापर्यंत रेंगाळते, पिस्टनला ढकलण्याचे काम अर्धवट सोडून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत शिरते, आणि मग हेडजवळची नळी निळसर पडते. ती निळाई हा तपासातील पहिला लेखी पुरावा होय. तिच्यावर नजर न टाकता जो थेट इंजिन उघडावयास बसे, त्याची दुपार फुकट जाई.

पुढे भारत सरकारने सैन्याकरिता बुलेटची मागणी नोंदविली आणि १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडियाची स्थापना झाली. बुलेटचे साडेतीनशे सीसीचे इंजिन संथ आणि सहनशील, म्हणून तिचे तापणे बहुधा तेलाच्या किंवा ठिणगीच्या कारभारातून उद्भवे. तेल वर पोचते की नाही हे पाहण्यासाठी रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीचा बोल्ट इंजिन चालू असताना किंचित सैल करीत. थेंब आले तर पंप निर्दोष ठरे. टायमिंगसाठी पिस्टन आपल्या सर्वोच्च स्थानाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे असताना ठिणगी पाडणारे पॉइंट उघडू लागावेत असा नेम होता, आणि तो क्षण पकडण्यासाठी सिगारेटचा पातळ कागद पॉइंटच्या चिमटीत धरून इंजिन हळूहळू फिरवीत. कागद बोटांना ओढ देत असेपर्यंत पॉइंट मिटलेले. तो अलगद सुटून हाती आला की तीच घटका. घरात कोणी सिगारेट ओढत नसेल, तर या कामापुरते एक पाकीट आणण्यास वडीलधाऱ्यांचीही ना नसे, असे सांगतात.

परंतु तापण्याचे खरे पर्व सुरू झाले ते टू-स्ट्रोक गाड्यांच्या आगमनाने. मुंबईच्या रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ साली म्हैसूरला कारखाना उघडला. त्याच सुमारास एस्कॉर्ट्सने पोलिश नमुन्यावर बेतलेली राजदूत आणली. आणि १९७३ पासून जावाचेच इंजिन येझदी या नावाने धावू लागले. या इंजिनांत तेलाची स्वतंत्र टाकी नाही. तेल पेट्रोलातच मिसळावयाचे, वीस-पंचवीस भागांस एक भाग, आणि तेच जाता जाता पिस्टनला वंगण पुरवावयाचे. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट प्रमाणात फुगतो. दोहोंमधील केसाएवढी फट संपली की पिस्टन धरतो, मागचे चाक फरफटते, आणि ज्याचे बोट क्लचवर नाही त्याची धडगत नसते.

लोकांची समजूत अशी की गाडी धरते ती चढावर. अनुभवी स्वार मात्र उतारास अधिक भीत, आणि त्यांची भीती सकारण होती. उतारावर ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण मिटलेली असते, चाके मात्र इंजिनास वेगाने फिरवीत राहतात; पेट्रोल जवळजवळ बंद म्हणजे तेलही जवळजवळ बंद, आणि घर्षण तर चालूच. स्वीडनच्या साब कंपनीने आपल्या टू-स्ट्रोक मोटारींत नेमक्या याच कारणासाठी चाकांना इंजिनापासून मोकळे सोडण्याची योजना केली होती. आमच्याकडील स्वारांनी तीच योजना मनगटाने अमलात आणली: उतारावर थोड्या थोड्या वेळाने क्लच ओढून मूठ एकदा पिळावयाची, म्हणजे तेलाचा एक घोट आत जाई.

गाडी धरलीच, तर घाटातील शिरस्ता ठरलेला होता. क्लच ओढून ती कडेला घ्यावी, पाणी मुळीच ओतू नये, कारण तापले बीड एकाएकी थंड झाल्यास तडकते. जुन्या रस्त्याने बोरघाट चढणारे वाहनचालक शिंग्रोबाच्या देवळापाशी नाणे वाहतात. धरलेल्या गाडीच्या स्वाराला तेवढा मुक्काम पुरत नसे, त्याला पंखांवर हात ठेववेपर्यंत थांबावे लागे. मग प्लग काढून त्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडावे आणि किक जोराने न मारता हाताने मागेपुढे हालवावी. जावाची किक आणि गिअरची दांडी एकच असल्यामुळे या हालविण्यात नवख्याची त्रेधा उडे.

घरी परतल्यावर तपास सुरू होई तो प्लगपासून. भरधाव गाडीचे इंजिन मूठ न मिटता बंद करून, त्याच क्षणी क्लच ओढून थांबावयाचे आणि प्लग उघडून त्याच्या पांढऱ्या चिनी मातीचा रंग पाहावयाचा: चॉकलेटी असेल तर इंजिनाची प्रकृती ठीक; काळा व ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल अधिक; राखेसारखा पांढरा असेल तर पेट्रोल कमी आणि हवा अधिक, म्हणजे आग कडक. पांढऱ्या प्लगवाल्याने कार्बोरेटरच्या जेटमधील कचरा फुंकून काढावा, टाकीच्या झाकणाचे श्वासाचे भोक मोकळे आहे ना हे पाहावे, आणि कार्बोरेटर व सिलिंडर यांच्यामधील पॅकिंगवर चालू इंजिनात तेलाचा बोळा फिरवावा. आवाज बदलला तर चोरटी हवा तेथूनच शिरते असे समजावे. आणि येथेच बहुसंख्यांची फसगत होई. गाडी तापते म्हणून ते पेट्रोलात तेल वाढवीत. पण तेल वाढले की तेवढ्याच जेटमधून जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलाचा अंश घटतो, मिश्रण आणखी कोरडे पडते, आणि वर काजळी वाढून सायलेन्सर गुदमरतो. उपाय म्हणून केलेली गोष्ट रोगास हातभार लावते, याचे इतके स्वच्छ उदाहरण यंत्रविद्येत क्वचितच सापडेल.

काजळीचा बंदोबस्त मात्र साजरा होई. हेडचे नट आलटून-पालटून, समोरासमोरचे, थोडे थोडे सैल करावयाचे. पिस्टनच्या माथ्यावरची काळी खपली लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने खरवडावयाची, लोखंडाने नव्हे. आणि सायलेन्सरमधील जाळीची नळी चुलीत किंवा पालापाचोळ्याच्या आगीत घालून लालबुंद होईपर्यंत जाळावयाची. त्या धुराचा वास सबंध आळीत दरवळे, आणि शेजारणींचे त्यावरील अभिप्राय येथे न नोंदविणेच बरे. पिस्टनवर नळीच्या बाजूस उभ्या रेघा आढळल्या, तर बारीक पॉलिश पेपरने त्या साफ करून भागे. सिलिंडरला बोटाच्या नखास लागतील इतक्या खोल रेघा पडल्या असतील, तर लेथवाल्याकडे बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन घालण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पेट्रोलाचा दोष हा स्वतंत्र मामला. टंचाईच्या दिवसांत रॉकेलाची भेसळ सर्रास होई. रॉकेलमिश्रित पेट्रोल दाबाखाली ठिणगीची वाट न पाहता पेटते, इंजिन टिणटिण वाजते आणि पिस्टनचा माथा भाजतो. त्यावर घरगुती उपाय एकच, पंप बदलणे.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली, आणि तेल पेट्रोलापासून वेगळे, ठिणगी आपोआप मागेपुढे होणारी, अशी फोर-स्ट्रोक गाडी सामान्यांच्या दारी उभी राहिली. धुरावरील निर्बंध कडक होत गेले तसे टू-स्ट्रोकचे दिवस भरले. २००८ साली यामाहाच्या आर-१५ बरोबर पाण्याने थंड होणारे इंजिन तरुणांच्या हाती आले आणि २०१२ साली आपल्या बाजारात आलेली, चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूकही त्याच जातीची निघाली. आता घरच्या तपासाचा क्रम निराळा. इंजिन पूर्ण थंड असताना बाजूच्या बाटलीतील कूलंट दोन खुणांच्या मध्ये आहे की नाही ते पाहावे. रेडिएटरचे झाकण तापल्यावर कदापि उघडू नये, कारण आतील दाबाखालचे पाणी तोंडावर येते. नळाचे पाणी भरू नये, त्याचे क्षार अरुंद वाटांत बसतात. आणि सिग्नलला उभे असताना पंखा फिरत नसेल तर मोठ्या खर्चाची भीती बाळगण्यापूर्वी फ्यूज पाहावा. रेडिएटरच्या जाळीत मात्र चिखल बसतो तो पूर्वीसारखाच. फरक इतकाच की तेथील पत्रे इतके नाजूक असतात की ब्रश जपून चालवावा लागतो, आणि पाण्याचा जोराचा फवारा मारल्यास ते वाकून वाट कायमची बंद होते.