पायोडाइड

पायोडाइड हे पायथन या संगणकीय भाषेचे वेब ब्राउझरमध्ये चालणारे रूप आहे. पायथनचा सी भाषेत लिहिलेला मूळ इंटरप्रिटर एमस्क्रिप्टेनच्या साहाय्याने वेबअसेम्ब्लीत रूपांतरित करून ते तयार केले जाते. त्यामुळे संगणकावर पायथन बसवलेले नसतानाही वेबपानावर पायथनच्या आज्ञा लिहून तेथेच चालवता येतात. ज्युपिटरलाइट आणि पायस्क्रिप्ट हे प्रकल्प पायोडाइडचा वापर करतात.

इतिहास

मायकेल ड्रोएटबूम यांनी २०१८ मध्ये मोझिला येथे, आयोडाइड या प्रकल्पाचा भाग म्हणून पायोडाइडची सुरुवात केली. २०२१ पासून तो स्वतंत्र, स्वयंसेवकांनी चालवलेला मुक्त स्रोत प्रकल्प आहे. मूळचा आयोडाइड मात्र मागे पडला.

सँडबॉक्सची उभारणी

सरावासाठीच्या सँडबॉक्सला किमान एक मजकूरचौकट, एक बटण आणि उत्तर दाखवण्याची जागा लागते. पान उघडताच इंटरप्रिटर उतरवला जातो. तो काही मेगाबाइटचा असल्याने संथ जोडणीवर पहिल्या वेळी बराच वेळ लागतो. तोपर्यंत बटण निष्क्रिय ठेवणे इष्ट ठरते.

आज्ञावली पानाच्या मुख्य थ्रेडवर चालवल्यास विद्यार्थ्याने चुकून लिहिलेले एखादे अनंत आवर्तन संपूर्ण टॅब गोठवते. अशा वेळी पान पुन्हा उघडावे लागते आणि जतन न केलेले काम नष्ट होते. म्हणून इंटरप्रिटर वेब वर्करमध्ये ठेवतात. अडकलेला वर्कर बंद करून नवा सुरू करता येतो व लिहिलेला मजकूर शाबूत राहतो. आज्ञावलीने तयार केलेल्या फाइल्स मात्र मूलतः केवळ स्मृतीत असतात.

बाह्य लायब्ररी

नमपाय, पांडाज, मॅटप्लॉटलिब यांसारख्या लायब्ररी पायोडाइडसाठी आधीच संकलित केलेल्या असून मागणीनुसार उतरवल्या जातात. इतर लायब्ररी मायक्रोपिप या साधनाने पायथन पॅकेज इंडेक्सवरून घेता येतात. तेथे खरी अडचण येते. केवळ पायथनमध्ये लिहिलेली लायब्ररी सहसा विनासायास चालते. परंतु तिच्यात सी किंवा रस्टमधील भाग असेल आणि तो वेबअसेम्ब्लीसाठी संकलित केलेला नसेल, तर ती बसत नाही.

मायक्रोपिपची आज्ञा असमकालिक आहे. तिच्या आधी 'अवेट' न लिहिल्यास लायब्ररी उतरण्यापूर्वीच पुढची ओळ चालते व 'मॉड्यूल सापडले नाही' अशा अर्थाची त्रुटी येते. नवशिक्यांना लायब्ररीच सदोष वाटते, ती याच कारणाने. पॅकेजचे नाव व आयात करावयाचे नाव भिन्न असू शकते हेही लक्षात घ्यावे लागते. उदाहरणार्थ, सायकिट-लर्न हे पॅकेज 'एसकेलर्न' या नावाने आयात होते. वर्गासाठी पान तयार करताना आवृत्ती क्रमांक निश्चित करणे श्रेयस्कर, अन्यथा नवी आवृत्ती आल्यावर जुने पाठ अचानक बंद पडू शकतात.

सुरक्षितता आणि मर्यादा

आज्ञावली वापरकर्त्याच्याच यंत्रावर चालत असल्याने शाळेच्या सर्व्हरला तिच्यापासून धोका राहत नाही. तथापि, पायोडाइडमधील पायथनला जावास्क्रिप्टमार्फत त्या पानावरील माहितीपर्यंत पोहोचता येते. त्यामुळे इतरांनी पाठवलेली आज्ञावली चालवू देणारे सँडबॉक्स वेगळ्या डोमेनवरील आयफ्रेममध्ये ठेवणे आवश्यक ठरते. उत्तरे तपासणारी आज्ञावलीही ब्राउझरमध्येच उतरत असल्याने ती विद्यार्थ्यापासून लपवता येत नाही. गुणांकनासाठी एकट्या पायोडाइडवर विसंबणे योग्य नाही.