२०२३ मुंबई नौदल ध्रुव हेलिकॉप्टर अपघात

८ मार्च २०२३ रोजी भारतीय नौदलाचे 'ध्रुव' प्रकारचे हेलिकॉप्टर नियमित उड्डाणादरम्यान मुंबईजवळच्या समुद्रात उतरवावे लागले. उड्डाणात अचानक शक्ती कमी होऊन उंची वेगाने घटल्याचे नौदलाने त्याच दिवशी जाहीर केले. वैमानिकाने हेलिकॉप्टर नियंत्रितपणे पाण्यावर उतरवले. तिन्ही कर्मचारी सुखरूप बाहेर पडले व नौदलाच्या गस्ती नौकेने त्यांची सुटका केली.

== शक्ती कमी होणे आणि उंची घटणे ==
हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले तरी ते दगडासारखे खाली येतेच असे नाही. वैमानिकाने कलेक्टिव्ह दांडी तत्काळ खाली केल्यास पात्यांचा कोन कमी होतो आणि खालून येणारी हवा पंखा फिरवत ठेवते. यास स्वयंघूर्णन (ऑटोरोटेशन) म्हणतात. इंजिन आणि पंखा यांमधील फ्रीव्हील जोडणीमुळे बंद इंजिन पंख्याला रोखून धरत नाही. पृष्ठभागाजवळ येताच दांडी वर ओढून पंख्यात साठलेली ऊर्जा वापरली जाते. ही संधी एकदाच मिळते. कमी उंची व कमी वेग असताना तीही हुकण्याचा धोका असतो.

ध्रुवच्या अलीकडील आवृत्त्यांना 'शक्ती' जातीची दोन इंजिने असल्याने एक निकामी झाल्यास दुसऱ्यावर उड्डाण चालू ठेवता येते. शिवाय पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा बिघडल्यास इंजिने चालू असूनही उचल नाहीशी होते, आणि आतून हा अनुभव शक्ती गेल्यासारखाच असू शकतो. त्यामुळे नौदलाच्या निवेदनातील 'शक्ती' या शब्दाचा अर्थ थेट इंजिन निकामी होणे असा लावणे घाईचे ठरते.

== परिणाम ==
अपघातानंतर तिन्ही सेनादले व तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टरे तपासणीसाठी जमिनीवर ठेवण्यात आली. पुढे २६ मार्चला कोची येथे तटरक्षक दलाचे, तर ४ मे रोजी जम्मू-काश्मीरमधील किश्तवाड जिल्ह्यात लष्कराचे ध्रुव अपघातग्रस्त झाले. किश्तवाडमध्ये एका तंत्रज्ञाचा मृत्यू झाला. तपासाचा रोख नियंत्रण प्रणालीतील बूस्टर कंट्रोल रॉडकडे वळला आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्सने आधीच्या दांड्यांऐवजी पोलादी दांड्या बसवण्याचे काम हाती घेतले.

== समुद्रावरील धोका ==
इंजिने व गिअरबॉक्स वरच्या भागात असल्याने पाण्यावर उतरलेले हेलिकॉप्टर सहज उलटते. म्हणून आपत्कालीन तरंगफुगे आणि पाण्याखालून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण महत्त्वाचे असते. २८ जून २०२२ रोजी मुंबई हाय क्षेत्रात पवन हंसचे हेलिकॉप्टर समुद्रात उतरले तेव्हा नऊपैकी चार जणांचा मृत्यू झाला होता. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेले त्याच कंपनीचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळून सातही जण दगावले होते.