गीतक्रमाचा अधिकार : बीटल्सच्या ध्वनिमुद्रिकांच्या ब्रिटिश व अमेरिकी आवृत्त्यांचा ऐतिहासिक अभ्यास (१९६३–१९६७)

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीताच्या इतिहासात गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नोंद आवर्जून घेतली जाते. गीतांचा क्रम ठरविणारा मात्र बहुधा अनामिक राहतो. संग्रहातील गीते कोणत्या क्रमाने ऐकली जावीत हा निर्णय व्यापारी की कलात्मक, आणि तो घेण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या संगीतसमूहाच्या ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने १९६० च्या दशकात ठळकपणे पुढे आला. प्रस्तुत लेखात त्याचा मागोवा घेतला आहे.

तंत्राची चौकट

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन ते चार मिनिटांचेच संगीत मावत असे. अशा अनेक तबकड्या पुठ्ठ्याच्या बांधणीत एकत्र विकल्या जात. छायाचित्रांच्या वहीशी असलेल्या साम्यावरून त्यांना ‘अल्बम’ हे नाव रूढ झाले. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने ३३⅓ फेऱ्यांची दीर्घवादन तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत सलग ऐकता येऊ लागले आणि गीतांच्या क्रमाला प्रथमच खरा अर्थ प्राप्त झाला.

या तबकडीला स्वतःच्या मर्यादाही होत्या. सुई मध्याकडे सरकते तसतसे प्रत्येक फेऱ्यात तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचे अंतर घटत जाते आणि उच्च कंप्रतेच्या ध्वनीची स्पष्टता उणावते. म्हणून बाजूच्या शेवटी शांत गीत ठेवणे तांत्रिकदृष्ट्या सोयीचे असे. बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी मात्र प्रत्येक बाजूचा आरंभ आणि शेवट दोन्ही प्रभावी असावेत, हे सूत्र स्वीकारले. मार्च १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्लीज प्लीज मी’ या पहिल्या संग्रहाच्या अखेरीस त्यांनी ‘ट्विस्ट अँड शाउट’ हे संग्रहातील सर्वांत आक्रमक गीत ठेवले.

दोन देश, दोन क्रम

ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या मालकीची असूनही अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनी बीटल्सचे संग्रह आपल्या पद्धतीने नव्याने रचत असे. ब्रिटनमध्ये संग्रहात सामान्यतः चौदा गीते असत आणि सुट्या तबकडीवर आलेली गीते त्यात सहसा पुन्हा दिली जात नसत. अमेरिकेत अकरा-बारा गीतांचा प्रघात होता. तेथे स्वामित्वधन प्रत्येक गीतामागे द्यावे लागत असल्याने कमी गीते किफायतशीर ठरत. उरलेल्या गीतांतून आणखी एक संग्रह सिद्ध होई, हा लाभ वेगळाच.

याचे परिणाम केवळ संख्यात्मक नव्हते. ऑगस्ट १९६६ मधील ‘रिव्हॉल्व्हर’च्या अमेरिकी आवृत्तीतून तीन गीते वगळली गेली, कारण ती जूनमध्येच दुसऱ्या संग्रहात विकली गेली होती. तिन्ही गीतांत मुख्य स्वर जॉन लेनन यांचा होता. ब्रिटिश आवृत्तीत त्यांच्या मुख्य स्वराची पाच गीते होती, अमेरिकी आवृत्तीत दोनच उरली. एकाच नावाच्या संग्रहातून दोन देशांतील श्रोत्यांना समूहाचे भिन्न चित्र दिसले.

‘रबर सोल’चा विरोधाभास

तथापि व्यापारी हस्तक्षेपाने कलेची हानीच झाली, असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’मधून कॅपिटॉलने ‘ड्राइव्ह माय कार’ या आरंभीच्या गीतासह चार गीते काढली आणि ‘हेल्प!’ या आधीच्या ब्रिटिश संग्रहातील दोन गीते घातली. त्यांपैकी एक पहिल्या बाजूच्या, तर दुसरे दुसऱ्या बाजूच्या आरंभी ठेवण्यात आले. त्यामुळे संग्रहाचा बाज अधिक सौम्य व लोकसंगीताच्या जवळचा झाला. ‘बीच बॉइज’ समूहाचे ब्रायन विल्सन यांना भावलेली एकसंधता याच अमेरिकी आवृत्तीची होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन त्यांनी मे १९६६ मधील ‘पेट साउंड्स’ हा संग्रह सिद्ध केला. पुढे पॉल मॅकार्टनी यांनी ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’वरील ‘पेट साउंड्स’चा प्रभाव मान्य केला.

१९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘सार्जंट पेपर’ हा दोन्ही देशांत एकाच गीतक्रमाने निघालेला त्यांचा पहिला संग्रह होय. त्याच्या पहिल्या बाजूचा क्रम मार्टिन यांनी आधी वेगळा योजला होता. तो नंतर बदलण्यात आला. गीतांमधील नेहमीचे मोकळे अंतर गाळण्यात आले. एका गीताच्या शेवटी येणारा कोंबडीचा आवाज पुढील गीताच्या गिटारच्या पहिल्या स्वरात मिसळून जातो. अशा रचनेत मधले गीत काढणे म्हणजे कृतीच मोडणे होते. जॉर्ज हॅरिसन यांचे भारतीय वाद्यांचे दीर्घ गीत दुसऱ्या बाजूच्या आरंभी आहे. तबकडी उलटताना पडणारा स्वाभाविक खंड त्याच्या वेगळ्या स्वरविश्वासाठी पूर्वतयारीचे काम करतो.

समारोप

१९८७ मध्ये हे संग्रह सीडीवर आले तेव्हा ‘मॅजिकल मिस्टरी टूर’चा अपवाद वगळता ब्रिटिश क्रम प्रमाण मानण्यात आला. कलावंतांच्या हेतूला न्याय मिळाला; पण अमेरिकेतील एका पिढीने ऐकलेला क्रम बाजारातून नाहीसा होऊ लागला. २००४ पासून त्या आवृत्त्यांचे पुनःप्रकाशन झाले, ते या स्मृतीची दखल घेऊनच.

कलावंतांचा क्रम अबाधित राहावा, हा आग्रह ज्या संग्रहाने प्रतिष्ठित केला, त्याच्या प्रेरणेच्या साखळीत कलावंतांनी न ठरविलेला एक क्रम होता. हस्तलिखितांच्या अभ्यासात मूळ संहिता शोधताना पाठभेदही जपले जातात, कारण वाचकांच्या हाती प्रत्यक्षात तेच पोहोचलेले असतात. ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासकारालाही हीच शिस्त पाळावी लागेल. कर्त्याला कोणता क्रम अभिप्रेत होता याबरोबरच श्रोत्याने कोणता क्रम ऐकला, हेही विचारल्याखेरीज प्रभावाचा इतिहास पूर्ण होत नाही.