वर्गसहायक (स्वमग्न मुलांसाठी)

सर्वसाधारण शाळेतल्या स्वमग्न मुलाला वर्गात वावरता आणि शिकता यावे म्हणून शिक्षकाच्या जोडीने काम करणारी व्यक्ती. मुंबई-पुण्यात तिला ‘शॅडो टीचर’ म्हणतात आणि तिचा पगार बहुधा पालकांनाच द्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ती शाळेची कर्मचारी असते. दिवसाचा क्रम चित्रांतून दाखवणे, लांबलचक सूचना एकेक करून सांगणे, घंटा होण्याआधी मुलाला कल्पना देणे, गोंगाट असह्य झाल्यास त्याला शांत जागी नेणे, ही तिची रोजची कामे.

या कामाचा कस सहायक मुलाच्या किती जवळ बसतो यावर नव्हे, तर कधी बाजूला होतो यावर लागतो. सतत खेटून बसल्याने मूल सोबत्यांपासून तुटते, परावलंबी होते आणि शिक्षकही त्याची जबाबदारी सहायकावर सोपवून मोकळे होतात, असे अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जियानग्रेको यांनी १९९७ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले. ब्रिटिश संशोधक पीटर ब्लॅचफर्ड यांनी सहकाऱ्यांसह २००३ ते २००८ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये केलेल्या अभ्यासात (हे दोन्ही अभ्यास केवळ स्वमग्न मुलांचे नव्हते) जास्त मदत मिळालेल्या मुलांची प्रगती कमी आढळली. मुळात मागे असलेल्यांनाच मदत मिळते, मग हे नवल कसले, असा आक्षेप निघतो. पण मुलांची आधीची गुणवत्ता आणि विशेष गरजा हिशेबात धरूनही फरक उरलाच. दोष सहायकांचा नव्हता. शिक्षकांशी बसून तयारी करायला त्यांतल्या बहुतेकांना वेळच दिला जात नव्हता.

स्वावलंबनाच्या नावाखाली आधार काढला तर मूल कोलमडेल, ही पालकांची भीती खरी आहे. म्हणून माणूस मागे सरतो तेव्हा चित्रफलक, कान झाकणारे हेडफोन आणि शांत कोपरा जागेवरच राहिले पाहिजेत. काही मुलांना ते कायम लागतील, आणि त्यात कमीपणा नाही. मागे सरावे कसे, याचा एक नमुना पाहा: बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील डेलावेअरमध्ये विकसित केलेल्या ‘पेक्स’ या चित्र-संवाद पद्धतीत मदतनीस मुलाच्या मागे बसतो, न बोलता त्याचा हात चित्राकडे नेतो आणि तो आधार हळूहळू काढून घेतो. हे कौशल्य प्रशिक्षणाने येते, नुसत्या मायेने नाही. शिवाय भारतातील २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गरजेनुसार सोयी पुरवण्याचे कर्तव्य सरकारी निधी वा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांवर टाकले आहे, तेव्हा पालकांनी पगार देऊन नेमलेला सहायक वर्गात आहे म्हणून शाळेची जबाबदारी संपत नाही.