मेरी थार्पचं जहाज

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. जहाजाचंही बारसं असतं, आणि तिथेही मान बाईचाच. आपल्याकडे नौदलाचं जहाज गोदीतून पाण्यात सोडताना बहुधा एखाद्या बाईच्याच हातून नारळ फुटतो. अमेरिकेत शॅम्पेनची बाटली फोडतात, तीही बाईच. त्याच जहाजावर काम करायला मात्र बाईला कितीतरी वर्षं मज्जाव होता. आजचं जहाज अमेरिकेच्या नौदलाचं आहे, आणि त्याच्या नावामागे हीच गोष्ट आहे.

हे लढाऊ जहाज नाही. त्यावर तोफा नाहीत, खलाशीही मुलकी. नौदलाला समुद्राचा तळ मोजून देणं हे त्याचं काम. मिसिसिपी राज्यातल्या गोदीत ते बांधलं, २०१३ मध्ये पाण्यात उतरलं आणि २०१६ मध्ये ताब्यात आलं. लांबी ३५३ फूट, म्हणजे साधारण दहा एसटी गाड्या एकामागे एक. बांधणीतली गंमत जहाजाच्या पोटात आहे. वाड्याच्या चौकात आड असावा तसा मधोमध एक हौद, खाली थेट समुद्रात उघडणारा. समुद्र खवळलेला असताना कठड्यावरून यंत्रं सोडणं धोक्याचं, म्हणून ती इथून सोडतात. या हौदासाठीच हे जहाज आधीच्या सहा भावंडांपेक्षा लांब बांधलं.

पहिलं नाव होतं ‘मॉरी’. मॅथ्यू मॉरी हा एकोणिसाव्या शतकातला नौदल अधिकारी. वारे आणि सागरी प्रवाह यांचे नकाशे करणारा, मोठाच माणूस. पण १८६१ मध्ये तो गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटलेल्या दक्षिणेच्या राज्यांना जाऊन मिळाला. अशा लोकांची नावं सैन्यातून काढायची असं अमेरिकी संसदेने ठरवलं, आणि २०२३ च्या ८ मार्चला, महिला दिनी, नवं नाव जाहीर झालं : ‘मेरी थार्प’.

कोण ही मेरी? १९२० चा जन्म. वडील सरकारी नोकरीत जमिनीच्या पोताचे नकाशे करायचे. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, वर्ग ओस पडले, म्हणून मुलींना भूशास्त्राचं दार उघडलं, तेव्हा ती शिकली. १९४८ मध्ये कोलंबिया विद्यापीठात नोकरीला लागली. तिचा सहकारी ब्रूस हीझन जहाजावर जाऊन समुद्राची खोली मोजून आणायचा. मेरी टेबलाशी. बायकांना जहाजावर घेत नसत. हजारो आकडे शाईने कागदावर उतरवायचे, हे तिचं काम.

ते उतरवताना तिला दिसलं, की अटलांटिकच्या मधोमध जी पर्वतरांग आहे, तिच्या माथ्यावर लांबच लांब दरी आहे. म्हणजे तिथे जमीन फाटतेय, खंड सरकतायत! हीझन म्हणाला, या बायकांच्या गप्पा. तेव्हा खंड सरकतात म्हणणाऱ्याला वेड्यात काढत. पण त्याच कार्यालयात एक तरुण समुद्रातल्या भूकंपांच्या जागा टिंबांनी मांडत होता. दोन्ही कागद ताडून पाहिले, तर टिंबं नेमकी तिच्या दरीत! १९५६ मध्ये शोध जाहीर झाला, तेव्हा नावं हीझनचं आणि संस्थाप्रमुखांचं. मेरीचं नव्हतं. फ्रेंच दर्यावर्दी कुस्तो याचाही विश्वास नव्हता. त्याने कॅमेरा समुद्रतळाशी सोडून पाहिला, आणि १९५९ मध्ये दरीचं चित्रण जगाला दाखवलं.

मेरीला जहाजावर पाऊल ठेवायला मिळालं १९६८ मध्ये, कामाला लागल्यावर वीस वर्षांनी. आणि तिचं नाव जहाजावर आलं ते ती गेल्यावर सतरा वर्षांनी, तेही दुसऱ्याचं पुसायची वेळ आली म्हणून. हे मला जरा खटकतं. नाव बदललेलं जहाज अपशकुनी असं जुने दर्यावर्दी मानायचे म्हणे. बाई चढलेलं जहाजही ते अपशकुनीच मानायचे, तेव्हा ते सोडून देऊ.

मॉरीचं एक मात्र सांगायला हवं. १८५० च्या दशकात, दोरीला वजन बांधून घेतलेल्या मोजमापांवरून त्याने उत्तर अटलांटिकच्या तळाचा नकाशा केला होता, आणि मधोमध समुद्र उथळ आहे असं दाखवलं होतं. त्याच उंचवट्याच्या माथ्यावर शंभर वर्षांनी मेरीला ती दरी सापडली.