कोरफड ओळखताना

औषधी वनस्पतींच्या अभ्यासाला नव्याने लागणाऱ्या वाचकापुढे आम्ही मुद्दामच कोरफड ठेवतो आहोत. ती कुंडीत असते, दारावर उलटी टांगलेली असते. म्हणूनच तिच्याकडे नीट पाहायचे राहून जाते. बांधावरची कोवळी घायपात पुष्कळांना कोरफडच वाटते, आणि तिचा रस अंगाला लागला की खाज सुटते. शंका आली तर पान मोडावे. घायपातीतून चिवट वाख निघतो. कोरफडीत नुसता बुळबुळीत गर. घायपात एकदाच फुलते आणि मरते, कोरफडीला मात्र वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा दांडा येतो, बहुधा पिवळ्या फुलांचा. कोवळ्या पानांवरचे पांढरे ठिपके पाहून ही निराळीच जात असे ठरवू नये. वय वाढले की ते बहुधा पुसट होतात.

नावाचा घोळही जुनाच. लिनियसने १७५३ मध्ये तिला एका जातीचा निव्वळ प्रकार मानले. १७६८ मध्ये बर्मन आणि मिलर या दोघांनी तिला स्वतंत्र जातीचा मान दिला. बर्मनचा ग्रंथ काही दिवस आधी निघाला, म्हणून त्याचे ‘ॲलो व्हेरा’ टिकले. मिलरचे ‘ॲलो बार्बाडेन्सिस’ क्रीमच्या डब्यांवर अजून सुखाने नांदते आहे.

पण झाड ओळखले म्हणजे औषध ओळखले असे होत नाही. एकाच पानात दोन औषधे आहेत. सालीलगत पिवळा, जहाल कडू रस असतो. त्यातल्या ॲलोइनमुळे तो रेचक ठरतो, आणि तो आटवला की काळाबोळ होतो. आतला गर जवळजवळ सगळा पाणीच. भाजल्यावर लावतात तो हा. दोहोंची गल्लत गर्भवतीच्या बाबतीत तर मुळीच परवडणारी नाही.

काळाबोळाच्या द्रावणात टाकणखार घालून तापवले की हिरवट चमक दिसते. विद्यार्थी इथेच हुरळतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘ॲलो फेरॉक्स’चा काळाबोळही तशीच चमक देतो, त्यामुळे नायट्रस आम्लाची पुढची कसोटी टाळता येत नाही. गराच्या भुकटीत माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलेले असेल, तर डोळे आणि जीभ दोन्ही फसतात. तिथे प्रयोगशाळेलाच शरण जावे लागते.

पहिल्या प्रकरणाला हात घालण्यापूर्वी एक जाड पान बुडापासून कापा आणि पांढऱ्या बशीत, कापलेले टोक खाली करून, उभे ठेवा. बशीत पिवळे उतरेल. ते चाखू नका.