सणाचे शिवराक पान आणि खतखते

आपली सारस्वत ज्ञाती मत्स्याहारी म्हणून सर्वश्रुत आहे. रोजच्या पानात माशांची आमटी असली, म्हणजे मुख्य पदार्थ कोणता हा प्रश्न गृहिणीस पडत नाही. परंतु चतुर्थी, एकादशी किंवा श्रावणी सोमवार आला की पान शिवराक होते आणि माशांच्या जागी काय करावे, हा विचार सुरू होतो. अलीकडे ह्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आचाऱ्याच्या छापील यादीतून येते, आणि त्या यादीत पनीर ठरलेले असते. पनीराशी आमचे वैर नाही. तथापि आपल्या पूर्वजांनी ह्या जागेसाठी कशाची निवड केली व ती कोणत्या तत्त्वावर केली, हे जाणून घेतल्यावाचून ती जागा दुसऱ्यास देऊन टाकणे इष्ट नव्हे, असे आम्हांस वाटते.

महाभारताच्या शल्यपर्वात सारस्वत मुनींची कथा आहे. बारा वर्षांचे अवर्षण पडले, इतर ऋषी अन्नाच्या शोधार्थ दाही दिशांस गेले. परंतु सरस्वती नदीने आपल्या ह्या पुत्रास थांबवून घेतले व मासे देऊन जगविले. मुनींचे वेदाध्ययन खंडित झाले नाही, आणि पुढे त्यांनीच इतर ऋषींस वेद शिकविले. मत्स्याहाराच्या समर्थनार्थ ही कथा आपण वारंवार सांगतो. पण तिचा अर्थ तेवढाच नाही. आपण जेथे आहोत तेथील भूमी व जल जे देते ते आदराने स्वीकारावे, असाही बोध तीत आहे. आणि शिवराक पानाचा पायाही तोच आहे.

भाद्रपदात कोकणची भूमी काय देते? सुरण, कोनफळ, कच्ची केळी, मुळा, दुधी, भोपळा, शेवग्याच्या शेंगा, नीरफणस. ह्या सर्वांच्या मोठ्या फोडी तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, खोबरे, सुकी मिरची व हळद ह्यांचे वाटप लावून, आमसोल, गूळ आणि ठेचलेली तिरफळे घातली की खतखते सिद्ध होते. कांदा नाही, लसूण नाही. निदान पाच भाज्या असाव्यात, अधिक असल्यास उत्तमच, असा घरोघरचा संकेत आहे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खोबरे, मिरची, तिरफळ आणि आंबटपणासाठी आमसोल ही चौकडी बांगड्याच्या आमटीतही असते. म्हणजे शिवराक दिवशी आपल्या आज्या-पणज्यांनी माशाची नक्कल केली नाही, की परका पदार्थही आणला नाही. वाटप घरचेच ठेवले, आणि माशाच्या जागी मळ्यातील भाजी घातली. सोवळ्यातील पान आणि रोजचे पान ही एकाच चुलीची दोन लेकरे आहेत.

ह्या पातेल्यात इतिहासही शिजलेला आहे. सुरण, केळी, मुळा हे आपले फार जुने सोबती. परंतु रताळे, तांबडा भोपळा, मक्याचे कणीस आणि खुद्द मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. वास्को द गामा १४९८ साली हिंदुस्थानास पोहोचला व १५१० साली गोवा पोर्तुगीजांनी घेतला. त्यानंतर ही पिके ह्या किनाऱ्यास लागली. तत्पूर्वी तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व आले ह्यांवरच भिस्त होती. पुढे १५६० साली श्रीमंगेशाचे स्थान कुशस्थळीहून प्रियोळास न्यावे लागले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. ज्यांच्या धाकाने देव हलवावे लागले, त्यांच्याच जहाजांतून आलेली रताळी व मिरच्या आपण त्याच देवांच्या उत्सवी पानात घातल्या! आपले पूर्वज नियमांत कडक होते, पण वस्तूंच्या बाबतीत कोत्या मनाचे नव्हते, ह्याचा हा रोकडा पुरावा होय.

त्या आपत्काळात अनेक कुटुंबे दक्षिणेस गेली. मंगळुराकडील आपल्या बांधवांच्या सणाच्या पानात नारळाच्या दुधातील मिश्र भाज्यांचे वळवल मानाने वाढले जाते. मालवणाकडे काळ्या वाटाण्याचे सांबार असते. प्रांत बदलला तशी निवड बदलली, परंतु नारळ सुटला नाही.

तात्पर्य, निवडीचे स्वातंत्र्य आपल्याला परंपरेनेच दिलेले आहे. पुण्यात कोनफळ न मिळाल्यास बटाटा घालावा. परदेशी असलेल्या मुलांनी तेथील कंदमुळे घ्यावीत. त्याने खतखते बाटत नाही. वाटप मात्र सोडू नये. तिरफळे वाळवून ठेवता येतात व पुडीत बांधून कोठेही नेता येतात. ती बियांसह वाटू नयेत, बी काढून साल तेवढी ठेचावी, हे आजी सांगे. सुनेने व लेकीने, आणि हल्ली मुलानेही, ते समजून घ्यावे. कारण खतखत्याची सामग्री बाजारात मिळते, पण कोणती भाजी आधी शिजत घालावी आणि गूळ केव्हा टाकावा, हे ज्ञान घरातील वृद्ध स्त्रियांपाशीच असते, व त्यांच्याबरोबर ते निघून जाते.

म्हणून आमची ज्ञातिभगिनींस विनंती आहे, की येत्या चतुर्थीस प्रत्येक घराने आपले खतखते, वळवल किंवा सांबार रांधावे, आणि त्याची कृती प्रमाणासह वहीत उतरून ठेवावी. आपल्या स्नेहभोजनाच्या कार्यकर्त्यांनीही आचाऱ्याची यादी हाती घेण्यापूर्वी ती वही मागवावी.